ब्रीसाचं आडनाव

साओ पावलोच्या ब्रास भागात बोलिव्हियाच्या जितक्या बायका मशीनवर बसतात, त्यांच्यात नियेवेसइतकी सरळ शिवण कुणाची नव्हती आणि तिच्याइतकी तिरकी जीभही कुणाची नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ती पाताकामायाहून इथे आली तेव्हा तिला पोर्तुगीजचे दोनच शब्द येत होते, ‘हो’ आणि ‘उद्या’. नऊ वर्षांत बाकीचे सगळे शब्द ती शिकली, आणि त्यातले काही चारचौघांत उच्चारण्यासारखे नव्हते. वर्कशॉपच्या मालकिणीशी भांडून तिनं खिडकीजवळचं मशीन मिळवलं होतं, घरमालकाशी भांडून संडासाला कडी बसवून घेतली होती. रविवारी कान्तूताच्या बाजारात मक्याची गरम आपी प्यायला गेली तरी पेला काठोकाठ भरल्याशिवाय ती विकणारीला पुढे सरकू द्यायची नाही.

तिचा नवरा रोहेलिओ मात्र भांडत नसे. त्याला कुणी काही विचारलं की तो आधी मान हलवायचा आणि मग काय विचारलं याचा विचार करायचा. माणूस सोन्यासारखा. पण सोन्याला कचेरीत पाठवू नये, हे नियेवेसला फार उशिरा कळलं.

मुलगी झाली तेव्हा नियेवेसच्या पोटाला टाके होते आणि ती हॉस्पिटलात पडून होती. जन्माची नोंद करायला रोहेलिओ एकटाच गेला. नोंदणीच्या कचेरीतला कारकून तरुण होता, हसतमुख होता, त्यानं रोहेलिओचं अभिनंदनसुद्धा केलं. मग विचारलं, बापाचं नाव? रोहेलिओ आलानोका चिपाना. आईचं? नियेवेस लारुता तार्की. मुलीचं? ब्रीसा. कारकुनानं पटापट टाइप केलं, मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर? रोहेलिओनं मान हलवली आणि सही केली.

आता बोलिव्हियात माणसाला दोन आडनावं. आधी बापाकडचं, मग आईकडचं. मूल झालं की दोघांचं पहिलं आडनाव त्याला मिळतं. त्या हिशेबानं मुलगी आलानोका लारुता. ब्राझीलमध्ये गाडी उलटी चालते. तिथे खरं आडनाव म्हणजे सगळ्यात शेवटचा शब्द, आणि आईचं आधी, बापाचं मागून. कारकुनानं आपल्या देशाच्या रीतीनं आईच्या नावातला शेवटचा शब्द उचलला, बापाच्या नावातला शेवटचा शब्द उचलला आणि दोन्ही एकापुढे एक ठेवले. ब्रीसा तार्की चिपाना.

रोहेलिओनं तो कागद पलंगावर आणून दिला तेव्हा नियेवेसनं तो दोनदा वाचला.

“ही कोण?”

“कोण म्हणजे? आपली ब्रीसा.”

“ब्रीसा दिसली मला. पुढे कोण? तार्की माझी आई, ती बिचारी चार वर्षांपूर्वी मातीत गेली. चिपाना तुझी आई. आपण दोघं कुठे आहोत यात?”

रोहेलिओनं कागद उलटा करून पाहिला.

“मागे काय बघतोस? मागे लपून बसलोय का आपण?”

“त्यानं वाचून दाखवलं गं. मला वाटलं, इथली पद्धत असेल.”

“आहेच इथली पद्धत. म्हणून तर डोळे उघडे ठेवायचे असतात. तुला उद्या कुणी विचारलं, तुझं मुंडकं कापू का, तर त्यालाही मान हलवशील.”

“मुंडकं कापलं तर हलवणार कशी?” रोहेलिओ म्हणाला, आणि नियेवेसला हसू आलं. टाक्यांवर ताण पडला म्हणून त्याबद्दलही तिनं त्याला दोन शब्द सुनावले. पुढे अंगावरचं मूल, रात्रीची जागरणं, मशीनवरचं काम. कागद डब्यात गेला. बघू नंतर, असं दोघंही म्हणाले.

ब्रीसा पाच महिन्यांची झाली आणि बोलिव्हियातल्या एल आल्तोहून रोहेलिओच्या भावाचा फोन आला. त्याला शाळांच्या युनिफॉर्मचं काम मिळालं होतं, तीन मशीन घेतली होती, हात कमी पडत होते. दुसऱ्याच्या वर्कशॉपात आयुष्य घालवायचं की आपल्या माणसांत जाऊन आपलं काम करायचं, यावर दोघं एक रात्र बोलली आणि ठरलं. रोहेलिओनं पुढे जायचं, नियेवेसनं हातातला सीझन संपवून दोन महिन्यांनी पोरीला घेऊन निघायचं. त्या दोन महिन्यांचे आठ झाले, आणि ते कसे झाले हे ऐकलं तर शहाण्या माणसाचंही डोकं फिरेल.

आधी ती आपल्या देशाच्या वकिलातीत गेली. पोरीची बोलिव्हियात नोंद झाली की ती आपल्या देशाची नागरिक, मग प्रश्न मिटला. पहाटे रांग लावली, पोरीला आग्वायोच्या रंगीत कापडात गुंडाळून पाठीशी बांधलं आणि अकरा वाजता खिडकीशी पोचली. खिडकीतली बाई चांगली होती, ला पाझकडची, बोलताना पोरीपुढे चुटक्या वाजवत होती. कागद पाहिल्यावर चुटक्या थांबल्या.

“आईबाप तुम्हीच आहात, ते इथे लिहिलंय,” ती म्हणाली. “पण मुलीची आडनावं तुमची नाहीत.”

“मला माहितीये. चूक झालीय.”

“मग दुरुस्त करून आणा. आपल्याकडे पहिलं बापाचं, दुसरं आईचं. मी अशीच नोंद केली तर ही पोर जन्मभर तार्की चिपाना. उद्या भाऊ झाला तर तो आलानोका लारुता. सख्खी भावंडं आहेत हे शाळेत कोण मानेल?”

बाईचं काही चुकत नव्हतं, आणि राग तर त्याचाच येतो. समोरचा चुकत असला म्हणजे भांडता तरी येतं.

नियेवेस तिथून नोंदणीच्या कचेरीत गेली. तो हसतमुख कारकून आता तिथे नव्हता, त्याच्या जागी चष्मा लावलेली एक पोक्त बाई होती. तिनं कागद पाहिला आणि चष्मा वर केला.

“चूक कुठे आहे यात? आईचं शेवटचं, बापाचं शेवटचं. असंच असतं.”

“इथे असतं. आमच्याकडे नसतं.”

“पण मुलगी इथे जन्मली ना?”

“जन्मली इथे. पोटात आली ती आमच्याच माणसापासून ना?”

बाईला ते पटलं असावं, कारण तिनं एक छापील यादी काढून दिली. आईचा जन्मदाखला, बापाचा जन्मदाखला, दोन्ही त्यांच्या देशातून शिक्का मारून आणलेले. दोन्हींचं सरकारमान्य भाषांतर. लग्नाचा दाखला असल्यास तोही, त्याचंही भाषांतर. आणि सगळ्यात खाली, आईबाप दोघांनी समक्ष येऊन सही करायची.

“बाप बोलिव्हियात आहे,” नियेवेस म्हणाली.

“मग त्याला बोलावून घ्या.”

“त्याच्याकडे जाता यावं म्हणूनच तर मला हा कागद हवाय.”

“मग त्यानं तिथून मुखत्यारपत्र पाठवलं तरी चालेल. त्यावर शिक्का. त्याचं भाषांतर.”

“आणि किती दिवस लागतील?”

“सगळं नीट असलं तर सहा महिने,” बाई म्हणाली. “नीट नसलं तर सांगता येत नाही.”

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण कुणाच्या देशात नाही? पण ती कुणी इतक्या गंभीरपणे तोंडावर फेकलेली नियेवेसनं पहिल्यांदाच ऐकली. ती घरी आली, पोरीला खाली ठेवलं आणि चुन्योचं, वाळवलेल्या बटाट्यांचं सूप करता करता पातेल्याशी एकटीच भांडत बसली.

इकडे ब्रीसा वाढत होती. ती रांगायला लागली, मग भिंतीला धरून उभी राहिली. रोहेलिओ रोज फोन करायचा आणि नियेवेस फोन पोरीच्या समोर धरून म्हणायची, बघ पापा. परिणाम असा झाला की पोर फोनलाच पापा म्हणायला लागली. मालकिणीचा फोन वाजला तरी पापा, भाजीवाल्याचा वाजला तरी पापा. बायका हसायच्या. नियेवेसही हसायची, पण एकदा हसता हसता उठून संडासात गेली आणि कडी लावून बसली.

शेजारच्या मशीनवर इलारिया नावाची एक वयस्क बाई बसायची. तिची चार पोरं इथेच जन्मली होती, त्यामुळे कागदांच्या बाबतीत तिला वकिलाइतकं कळे आणि फी एक पेला आपी. ती म्हणाली, “अगं वेडे, तू उगाच घोड्याच्या आधी गाडी जुंपतेस. पोर ब्राझीलची आहे ना? तिचं ओळखपत्र आहे ना? मग त्याच्यावर ने तिला. आडनावाचं काय ते तिथे गेल्यावर निस्तरा. फक्त पोरीला एकट्या आईबरोबर देशाबाहेर काढायचं तर बापाची लेखी परवानगी लागते. ती मागव.”

नियेवेसला वाटलं, चार महिने आपण काखेत कळसा घेऊन गावभर हिंडत होतो.

रोहेलिओ ला पाझला गेला, तिथल्या ब्राझीलच्या वकिलातीत फॉर्म भरला, अधिकाऱ्यासमोर सही केली. तिथे सही खरी आहे की नाही तेवढंच बघतात. सही खरी होती. महिनाभरानं कागद नियेवेसच्या हातात पडला. नवऱ्याच्या सह्यांचा अनुभव असल्यामुळे तिनं तो अक्षर न् अक्षर वाचला. तारीख बरोबर. त्याच्या ओळखपत्राचा नंबर बरोबर. तिच्या पासपोर्टचा नंबर तिनं एकेका आकड्यावर बोट ठेवून ताडून पाहिला. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. इलारियालाही दाखवला. तिनंही वाचला आणि म्हणाली, झकास.

मग नियेवेसनं मशीन सोडलं, खोली सोडली, भांडी वाटून टाकली. चौकोनी पिशव्या दोरीनं बांधल्या आणि पोरीला घेऊन बसमध्ये बसली. जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र प्रवास करून ती कोरुंबाला उतरली. तिथून सरहद्द म्हणजे एक छोटा पूल. पुलाच्या अलीकडे ब्राझीलचे पोलीस, पलीकडे बोलिव्हिया. उकाडा असा की पिशवीच्या दोरीला हात लावला तर चटका बसत होता. तिचा नंबर लागायला तीन तास लागले, पण ती एकदाही कुणाशी भांडली नाही. पलीकडच्या बायकांच्या टोप्या दिसत होत्या, भजी तळल्याचा वास येत होता.

खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पोरीचं ओळखपत्र घेतलं, परवानगीचा कागद घेतला, दोन्ही शेजारी ठेवले.

“दुसऱ्या मुलीचा कागद कुठाय?”

“दुसरी मुलगी नाही. एकच आहे.”

“ही ब्रीसा तार्की चिपाना. बरोबर? आणि परवानगी आहे ती ब्रीसा आलानोका लारुता हिच्यासाठी. ती कुठे आहे?”

नियेवेस खिडकीवर वाकली. तिनं कागद ओढून घेतला आणि पाहिला. रोहेलिओच्या गोल अक्षरात, ठसठशीत, ब्रीसा आलानोका लारुता. तिनं हेच अक्षर न् अक्षर वाचलं होतं. इलारियानं वाचलं होतं. आकडे तपासले, तारखा तपासल्या, आणि पोरीच्या नावावरून दोघींची नजर लोण्यावरून सुरी फिरावी तशी फिरली होती, कारण ते नाव बरोबर होतं. बापाचं पहिलं, आईचं दुसरं. कुठल्याही बोलिव्हियन माणसाला त्यात काही खटकलंच नसतं.

“ही तीच आहे,” ती म्हणाली.

“कागदावर ती नाही, बाई.”

“बाप तोच, आई तीच, जन्मतारीख तीच. मग पोर दुसरी कशी होईल?”

“मला कळतंय तुम्ही काय म्हणताय,” अधिकारी म्हणाला, आणि त्याला खरंच कळत होतं. “पण उद्या कुणी दुसऱ्याची मुलगी घेऊन आलं आणि असंच म्हणालं तर? नवीन परवानगी आणा. याच नावाची.”

मागच्या माणसानं पिशवी पुढे सरकवली. नियेवेस रांगेतून बाहेर आली.

परत साओ पावलोला जायला आता तिथे काही उरलं नव्हतं. कोरुंबाच्या बाजारात ओरुरोकडची एक बाई कपडे विकायची. तिच्या दुकानामागच्या खोलीत नियेवेसनं पथारी टाकली आणि बदल्यात तिच्या पँटींची टोकं शिवायला घेतली. पूल दोन मैलांवर होता. लोक सकाळी पलीकडे जाऊन कांदे आणायचे आणि दुपारी परत यायचे, कुणी त्यांना विचारतही नव्हतं.

“तूही जा की अशीच चालत,” दुकानवाली म्हणाली. “पोर पाठीशी बांध, हातात कांद्याची पिशवी धर. कोण बघतंय?”

“आणि पुढे? पलीकडे विचारलं, ही पोर कुठून आली, तर काय सांगू? स्वतःच्या पोटची पोर चोरून आणली म्हणू?”

रोहेलिओला तिनं पहिल्याच दिवशी फोन केला होता. त्या फोनमध्ये काय काय झालं ते इथे लिहिता येणार नाही, त्यातलं बरंचसं त्यांच्या आयमारा भाषेत होतं. शेवटी ती म्हणाली, “उद्याच्या उद्या ला पाझला जा आणि नवीन कागद कर. नाव लिही ब्रीसा तार्की चिपाना. ता, र, की. लिहून घे.”

मग तिनंच विचारलं,

“ऐकतोयस ना?”

“नाही लिहिणार,” रोहेलिओ म्हणाला.

तिला वाटलं, लाइन खराब आहे. “काय?”

“माझ्या हातानं मी तसं नाही लिहिणार, नियेवेस. पहिल्या वेळी मला कळलं नाही, सही केली. आता कळतंय. मी, रोहेलिओ आलानोका, सरकारी कागदावर लिहून देऊ की माझी मुलगी आलानोका नाही? इथे सगळ्या गल्लीला कळेल. भाऊ विचारेल. बाबा काय म्हणतील? लोक म्हणतील, हा इकडे आला आणि पोर झाली दुसऱ्याची.”

“लोकांना मोजता येतं. पोर झाली तेव्हा तू इथेच होतास.”

“दुरुस्ती करू आपण. मी मुखत्यारपत्र पाठवतो. सहा महिने काय, निघून जातील.”

जो माणूस जन्मभर नको तिथे मान हलवत आला, तो आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाला, आणि नेमका इथे. नियेवेसला त्याचा इतका राग आला की तिनं फोन तसाच बंद केला. त्याला वाईट वाटत होतं हे तिला कळत होतं, तो खोटं बोलत नव्हता हेही कळत होतं, आणि त्यामुळे तो आणखीच असह्य झाला होता. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशी विनवलं, चौथ्या दिवशी फोनच उचलला नाही. ब्रीसा वाजणाऱ्या फोनकडे बोट दाखवून पापा पापा करत राहिली. पाचव्या दिवशी ती दुकानाच्या उंबऱ्यापासून मशीनपर्यंत सहा पावलं चालली आणि पँटींच्या ढिगात पडली. ते पाहायला बाप नव्हता. मध्ये एक पूल होता आणि दोन शब्द होते.

नवव्या दिवशी नियेवेसनं सरळ सासूला फोन लावला. तिकडे वडीलधाऱ्या बाईला दोन्या म्हणतात; या दोन्या सिमोना चिपानाशी तिचं कधी फारसं सख्य नव्हतं. म्हातारीला सून सडेतोड वाटायची आणि सुनेला म्हातारी आतल्या गाठीची. हे नाही म्हणणं त्या घरातूनच आलेलं असणार, सासऱ्याचं नाहीतर सासूचं, अशी नियेवेसची खात्री होती. ती बाह्या सरसावूनच बोलायला लागली.

“दोन्या सिमोना, तुमच्या मुलाला जरा समजवा. पोरीचे तो हाल करतोय.”

“काय समजवू?” म्हातारीचा आवाज थकलेला होता. “तो सांगतो, कागदात काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते धड सांगत नाही. तू सांग.”

“आडनाव चुकलंय. तुम्हाला माहीत नाही?”

“मला कोण सांगतंय, पोरी. काय लिहिलंय त्यात?”

“ब्रीसा तार्की चिपाना.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“परत वाच,” दोन्या सिमोना म्हणाली.

“ब्रीसा. तार्की. चिपाना.”

“चिपाना म्हणजे माझं?”

“तुमचंच. तार्की माझ्या आईचं. कारकुनानं मागचे दोन शब्द उचलले आणि आम्हाला वगळलं.”

“थांब. ठेवू नकोस.”

म्हातारीनं हाक मारली. रोहेलिओ मशीनवर असावा, कारण एक खडखड चालू होती ती थांबली. फोन तिनं कानापासून लांब धरला असणार, पण तिचा आवाज कोरुंबापर्यंत स्वच्छ येत होता.

“हे नाव लिहायची तुला लाज वाटते?”

“आई, तसं नाही…”

“मग कसं? चिपाना ही शिवी आहे का रे? मी सात पोरं काढली. सातही आधी आलानोका, माझं नाव शेपटीसारखं मागे. अकरा नातवंडं झाली, त्यांच्यात ती शेपटीही गळाली. एकाच्याही अंगावर मी नाही. तुझ्या बापाचा गोठासुद्धा त्याच्या नावावर आहे. मी मेले की संपलं. आणि कुठल्या परक्या देशातल्या कारकुनानं चुकून का होईना एका पोरीला माझं नाव लावलं, तर तू तिला पुलावर बसवून ठेवलीस?”

रोहेलिओ काहीतरी पुटपुटला.

“बाबांना मी बघते,” म्हातारी म्हणाली. “चाळीस वर्षं बघतेय. तू लिही.”

नियेवेस फोन कानाला लावून पँटींच्या ढिगावर बसली होती. तिला रडू आलं, आणि ते सासूसाठी नव्हतं. तिची आई ग्रेगोरिया तार्की वारली तेव्हा नियेवेस साओ पावलोत सीझनच्या कामात अडकली होती आणि मातीलाही पोचू शकली नव्हती. आईला भाऊ नव्हता, नियेवेसनंतर ते नाव लावणारं कुणी उरणार नव्हतं. आणि इतके महिने ती कचेऱ्यांचे उंबरे झिजवत, रांगांत उभी राहत, बायाबापड्यांशी भांडत काय करत होती, तर आईचं नाव खोडून मागत होती. एकदाही, एकाही रांगेत, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. जो दोष ती नवऱ्याला देत होती तो तिचाही होता, आणि आता तो कुणावर ढकलावा ते तिला सुचेना.

नवीन कागद यायला सोळा दिवस लागले. या वेळी नियेवेसनं तो एकटीनं वाचला नाही, दुकानवालीलाही वाचायला लावला, आणि ओळखपत्र शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून घेतलं. रोहेलिओनं नाव नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

ब्राझीलच्या खिडकीत या वेळी दुसरा अधिकारी होता. त्यानं बापाचं नाव पाहिलं, मुलीचं नाव पाहिलं. चिपाना, चिपाना. “बापाचंच आडनाव आहे, ठीक,” तो म्हणाला आणि मान वर न करता शिक्का मारला. नियेवेसला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की हे बापाचं नाही, बापाच्या आईचं आहे, आणि ह्याच गोष्टीपायी माझं अर्धं वर्ष पाण्यात गेलंय. पण तिनं कागद उचलले, पोर पाठीशी बांधली आणि पूल ओलांडला.

पलीकडच्या खिडकीत सांताक्रूझकडचा एक मध्यमवयीन माणूस बसला होता. त्यानं पोरीचं ओळखपत्र पाहिलं, मग नियेवेसचा पासपोर्ट पाहिला, मग परवानगीचा कागद. पुन्हा ओळखपत्र.

“बाप आलानोका. तुम्ही लारुता. आणि ही तार्की चिपाना?” त्यानं पोरीकडे पाहिलं. “मग ही कुणाची?”

खोलीच्या काचेच्या दारापलीकडे रोहेलिओ उभा होता. त्याच्या शेजारी काळी टोपी घातलेली दोन्या सिमोना होती, दोन दिवसांचा प्रवास करून आलेली, आणि ती काचेला नाक लावून आत बघत होती. नियेवेसनं सगळी गोष्ट आधीच पाठ करून ठेवली होती, कारकुनापासून परवानगीपर्यंत, कमीत कमी शब्दांत. ती सांगायला तोंड उघडलं आणि तिला त्या गोष्टीचा अतोनात कंटाळा आला.

“तिथल्या कारकुनानं चूक केलेली दिसतेय,” अधिकारीच म्हणाला. “ला पाझला गेलात की नोंदणीच्या ऑफिसात अर्ज करा. बाप तिथेच आहे असं या कागदावर दिसतंय, दोघांनी सही केली की झालं. पुसून टाकतील ते, नवीन नाव घालतील. अर्जाचा फॉर्म देऊ का?”

“नको,” नियेवेस म्हणाली. “राहू द्या. दोन्ही आज्यांची आहे ती.”

अधिकाऱ्यानं खांदे उडवले आणि शिक्क्याकडे हात नेला.